गझनफर, मुक्काम सोलापूर

बाळ जन्मल्यावर सातव्या दिवशी अकिका आणि त्याच दिवशी नाव, ही मुस्लिम घरांतली जुनी रीत. मुलांच्या नावांची यादी सोलापुरात हल्ली कुणी न सांगताच ठरल्यासारखी झाली आहे. अयान, रेहान, आहिल, अरहान. कानाला गोड, लिहायला सोपी, शेजारच्या कुणालाही पहिल्या फटक्यात उच्चारता येणारी. या यादीत 'गझनफर' बसत नाही. सिंहाचं हे अरबी नाव महाराष्ट्रात विरळाच. पण ते ठेवायला सोलापूरपाशी एक असं कारण आहे, जे जगातल्या दुसऱ्या कुठल्याही शहरापाशी नाही. ते कारण शहरानं जवळजवळ विसरून टाकलं आहे आणि त्याचं मला मनापासून वाईट वाटतं. म्हणून हा संवाद.

यातली दोन माणसं कुणा एका घरातली नाहीत. गावात कानावर पडणारी दोन मतं मी दोघांच्या तोंडी दिली आहेत. अब्बांनी हयातभर छापखान्यात खिळे जुळवले. मुलगी शाळेत लिपिक आहे, जनरल रजिस्टरातली नावं तिच्या हातची. ती बाळंतपणाला माहेरी आली आहे आणि बाळ तीन दिवसांचं आहे.

अब्बा: नाव ठरलं माझ्याकडून. गझनफर.

मुलगी: अब्बा, सिंहच हवा असेल तर असद आहे की. हैदर आहे, अब्बास आहे, उसामा आहे. सगळे सिंहच. अरबांनी सिंहाला नाव द्यायचं काही शिल्लक ठेवलं नाही. त्यातलं एखादं सुटसुटीत घेऊ.

अब्बा: शिल्लक ठेवलं नाही हे खरं. दहाव्या शतकात इब्न खालवैह नावाचा व्याकरणाचा पंडित होऊन गेला. त्यानं सिंहाची पाचशे नावं गोळा केली होती म्हणतात. पण बेटा, प्रत्येक नावात सिंह वेगळा दिसतो. असद म्हणजे नुसता सिंह. अब्बास म्हणजे कपाळाला आठ्या घातलेला. गझनफर हा तर जुन्या कोशांत मुळी बांध्याचा शब्द आहे, भरदार, दणकट, जाड कातडीचा. 'असद गझनफर' म्हणजे दांडग्या अंगाचा सिंह. पुढे असद गळला आणि उरलेल्या शब्दालाच लोक सिंह म्हणू लागले.

मुलगी: कुराणात आहे का?

अब्बा: नाही. तिथे सिंहासाठी 'कसवरा' शब्द आलाय, सूरा मुद्दस्सिरमध्ये, तोही एकदाच. गझनफर हे शायरांनी मोठं केलेलं नाव. हजरत अलींना असदुल्लाह म्हणतात, हैदर म्हणतात, तसंच गझनफरही म्हटलं गेलं. म्हणून 'गझनफर अली' अशी जोडी लावतात.

इथे उच्चाराबद्दल थोडं सांगायला हवं, कारण नाव गावोगाव कसं फिरलं ते त्यातून कळतं. खुद्द अरबांच्या तोंडी मधलं अक्षर 'झ' नाही, घशाकडे ओढलेला जड 'द' आहे. रमदानचं रमजान झालं, तसंच गदनफरचं गझनफर इराणी तोंडातून जाताना झालं आणि दख्खनमध्ये ते फारसीचा हात धरून आलं. तुर्कस्तानात त्याचं गझनफेर झालं. इतक्या लांबच्या वाटेवर माणसंही तऱ्हेतऱ्हेची भेटतात. दहाव्या शतकात मोसुलवर राज्य करणारा हमदानी घराण्यातला अबू तग्लिब 'अल्-गझनफर' म्हणवून घ्यायचा. इस्तंबूलमध्ये गझनफेर आगाचा मदरसा आजही उभा आहे. हा आगा व्हेनिसच्या मुलखात जन्मला, तुर्की सुलतानाच्या महालातला बडा अधिकारी झाला आणि १६०३ मध्ये मारला गेला. १९४८ च्या लंडन ऑलिम्पिकमध्ये कुस्तीत सुवर्णपदक जिंकणाऱ्या तुर्की पैलवानाचं नाव गझनफेर बिल्गे. त्याच्या आईबापांनी शब्दकोश पाहून नाव ठेवलं असेल, तर तो कोश खरा ठरला. १९४६ च्या आपल्या हंगामी सरकारात आरोग्य खातं सांभाळणारे राजा गझनफर अली खान पुढे पाकिस्तानात गेले.

मुलगी: म्हणजे राजे, पैलवान आणि मंत्री. पण इराणात या नावाचं काय झालंय ते मी मोबाइलवर वाचलं, अब्बा. तिथे गझनफर हा विनोदातला गावंढळ माणूस आहे. एक चुटका तर म्हणीसारखा वापरतात. फुटबॉलचा सामना चाललाय आणि प्रशिक्षक ओरडतो, 'मॅराडोनाला सोडा, गझनफरला धरा!' का, तर तो आपल्याच जाळीत गोल मारायला निघालाय. ज्या लोकांच्या तोंडातून हे नाव आपल्याकडे आलं, तेच आता त्याला हसतात.

अब्बा: इराणात हसतात म्हणून आपण सोलापुरात सोडून द्यायचं?

मुलगी: सोलापुरातही हसतीलच की. २००८ साली 'गजनी' सिनेमा आला. तेव्हापासून गझनफर म्हटलं की वर्गातली पोरं 'गजनी' म्हणणार, डोक्यावरून हात फिरवणार. मी रोज शाळेत बसते, मला माहितीय. आणि लिहिण्याचं काय? दाखल्यावर 'गजनफर', आधारवर 'घझनफर', बँकेत आणखी तिसरं. एका अक्षराचा फरक पडला की पालक माझ्या टेबलाशी हेलपाटे घालतात. प्रतिज्ञापत्र आणा, राजपत्रात छापून आणा. शिष्यवृत्तीचा अर्ज अडकला की पोर रडतं. सरळ नाव असलं की यातलं काही होत नाही.

अब्बा: अक्षरांची काळजी मला सांगू नकोस. चाळीस वर्षं खिळे जुळवले. पहिल्या कागदावर बरोबर लिहिलं आणि पुढच्या प्रत्येक कागदावर तोच कागद समोर ठेवून लिहिलं, तर चूक होत नाही. आणि नाव काही सगळीकडे अवघड नाही. अफगाणिस्तानचा तो फिरकी गोलंदाज अल्लाह मोहम्मद गझनफर, पोरसवदाच आहे. २०२४ च्या नोव्हेंबरात मुंबई इंडियन्सनं त्याला चार कोटी ऐंशी लाखांना घेतलं. त्या दिवशी गल्लीतल्या पोरांना बरोबर उच्चारता आलं की नाही?

मुलगी: तो पुढच्या हंगामात दुखापतीनं खेळलाच नाही, आणि पोरं विसरली. अब्बा, खरं सांगू? हसण्याचं आणि अक्षरांचं मी निभावून नेईन. माझी भीती वेगळी आहे. 'अयान' म्हटलं की समोरचा क्षणभर थांबतो. हा कुठला, ते त्याला लगेच कळत नाही. तो एक क्षण मला माझ्या मुलासाठी हवाय. घर भाड्यानं बघताना, पुण्यात नोकरीला जाताना. तेवढ्या क्षणात तो हसून दोन वाक्यं बोलेल आणि समोरच्याला माणूस म्हणून आवडेल. गझनफर म्हटल्यावर तो क्षण मिळत नाही.

अब्बा: आडनाव सांगितलं की क्षण संपलाच.

मुलगी: तोवर मुलाखत झालेली असते.

मुलीचं हे म्हणणं मी कुणालाही हलकं करू देणार नाही. नाव गोड असावं म्हणून आई भांडत असती, तर तो आवडीनिवडीचा प्रश्न होता. इथे ती मुलाला दार उघडं मिळावं म्हणून भांडते आहे. दुर्मीळ नावांची हौस ज्यांना परवडते, त्यांनी ती ज्यांना परवडत नाही त्यांच्यावर लादू नये. अयान-आहिलच्या लाटेला 'फॅशन' म्हणून मोडीत काढणाऱ्या वडीलधाऱ्यांनी या एका क्षणाचा विचार जरूर करावा. अब्बाही काही वेळ गप्प होते. मग त्यांनी आपलं खरं कारण काढलं.

अब्बा: तुला कुर्बान हुसेन माहितीय?

मुलगी: चार पुतळ्यांतले? बारा जानेवारीला हार घालतात ते. अब्बा, मी सोलापूरची आहे.

अब्बा: मग सांग, फासावर जायच्या आधी तो काय करायचा?

मुलगी: स्वातंत्र्यसैनिक होते.

अब्बा: वर्तमानपत्र काढायचा. त्याचं नाव 'गझनफर'.

मुलगी: हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

अब्बा: मला माझ्या उस्तादानं सांगितलं, खिळ्यांची पेटी हातात दिली त्या दिवशी. म्हणाला, या गावात छापखान्याचं काम करणार असशील तर हे एक नाव ध्यानात ठेव. पंचविशीसुद्धा न गाठलेला पोरगा, अब्दुल रसूल कुर्बान हुसेन. गिरणीवाल्यांत ऊठबस, हिंदू-मुसलमानांनी एक राहावं हाच ध्यास. पुण्यात १८८१ साली टिळक-आगरकरांनी पत्र काढलं, त्याला नाव दिलं 'केसरी'. केसरी म्हणजे आयाळवाला, सिंह. आणि सोलापुरात या पोरानं काढलं, त्याचं नाव गझनफर. तोही सिंहच. एक संस्कृतातला, एक अरबीतला. मला ही जोडी आठवली की छाती भरून येते बघ.

माझीही भरून येते. केसरीबद्दल शाळेतल्या पुस्तकात धडा असतो, गझनफरबद्दल चार पुतळ्यांच्या चौकातही कुणी बोलत नाही. म्हणून १९३० च्या मे महिन्याबद्दल थोडं लिहितो. ५ मेला गांधीजींना अटक झाली. ८ मेला सोलापुरात रूपाभवानीच्या बाजूला शिंदीची झाडं तोडणाऱ्या जमावावर गोळीबार झाला आणि त्यात शंकर शिवदारे हा तरुण पडला. लोक खवळले, मंगळवार पेठेतल्या पोलीस चौकीवर चालून गेले आणि तिथे पोलीस मारले गेले. पुढचे तीन-चार दिवस इंग्रजांचा अंमल शहरातून जणू उठला होता. गिरण्यांचं हे गाव स्वतःचं स्वतः चालत होतं. १२ मेला मार्शल लॉ पुकारला गेला आणि तो जूनच्या अखेरपर्यंत राहिला. पोलीस चौकीच्या खटल्यात चौघांना फाशीची शिक्षा झाली. मल्लप्पा धनशेट्टी, जगन्नाथ शिंदे, श्रीकिसन सारडा आणि कुर्बान हुसेन. एक लिंगायत, एक मराठा, एक मारवाडी, एक मुसलमान. सोलापूरची वस्ती समोर ठेवून कुणी चौघं निवडावेत, तसे हे चौघं. १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्यात त्यांना फाशी दिली. सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेचे ते दिवस. आजही हुतात्म्यांचा दिवस आणि यात्रेची धामधूम जोडीनंच येतात.

एक गोष्ट मला नेहमी टोचते. शहरानं त्याचं नाव अर्धंच ठेवलं. 'अब्दुल रसूल' मागे पडलं आणि 'कुर्बान हुसेन' तेवढं उरलं. त्याच्या पत्राचं नाव तर त्याहून लवकर मिटलं.

मुलगी: अब्बा, तुमचंच ऐकून मी तुमच्या विरोधात बोलते. त्या चौघांच्या नावानं पुण्याला हुतात्मा एक्स्प्रेस जाते. पार्क चौकात हुतात्मा स्मृती मंदिर आहे, तिथे आपण नाटकं बघितली. गाडीतल्या एका डब्यातल्या माणसांना विचारा, चार नावं किती जण सांगतील? आणि गझनफर किती जण? आठवण ठेवायचं काम गावाचं होतं. गावानं ते केलं नाही, म्हणून तुम्ही ते तीन दिवसांच्या पोराच्या अंगावर टाकताय. त्याला उद्या क्रिकेट खेळायचं असेल, परदेशी जायचं असेल. त्यानं दर वेळी थांबून लोकांना १९३० सांगत बसायचं?

अब्बा: सांगू नये वाटलं तर नाही सांगणार.

मुलगी: मग नाव कशाला?

अब्बा: लोक विचारणारच, हे कुठलं नाव म्हणून. अयानला कुणी विचारत नाही, गझनफरला विचारतील. बहुतेक जण वाकड्या नजरेनं विचारतील, तू म्हणतेस तसं. 'हे कुठलं? तिकडचं का?' तेव्हा माझ्या नातवापाशी उत्तर असेल. म्हणेल, इथलं. सोलापूरचं. माझ्या गावात या नावाचं वर्तमानपत्र निघायचं आणि ते काढणारा देशासाठी फासावर गेला. असं उत्तर असदपाशी नाही, हैदरपाशी नाही. तू त्याला एक क्षण द्यायला निघालीस, समोरच्याला तो कोण ते कळू नये म्हणून. मी त्याला तो कोण हे ताठ मानेनं सांगता यावं असं काहीतरी देतोय. तुझ्या देण्याला मी कमी म्हणत नाही. माझंही बघ एवढंच म्हणतो.

माझं मत आता लपवत नाही. मी अब्बांच्या बाजूचा आहे. अर्थ, उगम आणि लोकप्रियता या तीन खणांत नाव कोंबणाऱ्या याद्या आज प्रत्येकाच्या हातातल्या मोबाइलवर आहेत. त्यांत गझनफरपुढे 'सिंह', 'अरबी' आणि 'दुर्मीळ' एवढं लिहिलेलं असतं. यातलं काही खोटं नाही, पण सोलापूरकराला त्यातून काहीच मिळत नाही. या गावात गझनफरचा उगम अरबस्तानात सांगून भागत नाही, तो इथल्या एका छापखान्यातही सांगावा लागतो. उर्दू, तेलुगू, कन्नड आणि मराठी एकाच पेठेत ज्याच्या कानांवर पडतं, त्या गावाला हे नाव परकं वाटायचं कारणच नाही. याच सोलापुरात १९९० मध्ये पहिलं मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरलं आणि प्रा. फकरुद्दीन बेन्नूरांसारख्या माणसांनी त्यासाठी जिवाचं रान केलं. आम्ही मराठीचे आहोत हे त्यांनी मराठीतच सांगितलं. एक अरबी नाव मराठी जनरल रजिस्टरात बरोबर अक्षरांत लिहिलं जाणं, हे त्याच कामाचं पुढचं पाऊल आहे असं मी मानतो.

पण मुलीनं गावावर ठेवलेला ठपका मला पूर्णपणे मान्य आहे. महापालिकेच्या एखाद्या वाचनालयाला, शाळेच्या वार्षिकाला, पत्रकारितेतल्या एखाद्या पुरस्काराला 'गझनफर' हे नाव इतक्या वर्षांत सहज देता आलं असतं. शहरातल्या फलकांवर नाव दिसत असतं, तर या बाळाच्या आईला गजनीची भीती वाटली नसती. बाळाच्या नावाचा भार आईबापांनी एकट्यानं उचलावा आणि शहरानं बारा जानेवारीला हार घालून मोकळं व्हावं, ही वाटणी न्यायाची नाही. तीही बदलायला हवी, आणि नाव ठेवायचं थांबवून ती बदलणार नाही.

मुलगी: जन्माची नोंद नावाशिवायही होते. १९६९ च्या कायद्यात तशी सोय आहे. वर्षभरात नाव घातलं तर शुल्क नाही, नंतर पंधरा वर्षांपर्यंत शुल्क भरून घालता येतं. सातव्या दिवशी घरात गझनफर म्हणा, माझी ना नाही. कागदावर मात्र मी लगेच चढवणार नाही.

अब्बा: का? पटलं नाही?

मुलगी: पटलं, म्हणूनच. तुमच्या उस्तादानं तुम्हाला सांगितलं, तुम्ही मला आज सांगितलं. मी तिशीची झाले, तोवर मला माहीत नव्हतं. याला कोण सांगणार? त्याला कळायला लागेल तेव्हा तुम्ही सत्तरी ओलांडलेली असेल. मला हे तुमच्याकडून लिहून हवंय. पत्राचं, कुर्बान हुसेनचं, उस्तादाचं, सगळं. जे पक्कं माहितीय तेवढंच लिहा, उगाच वाढवून नको. ते माझ्या हातात आलं की मी अर्ज भरते.

अब्बा: उर्दूत लिहू?

मुलगी: मराठीत लिहा. तो माझ्याच शाळेत येणार आहे, आणि त्याच्या वर्गातल्या पोरांनाही वाचता आलं पाहिजे.

अब्बा: आणि स्पेलिंग?

मुलगी: देवनागरीत ग, झ, न, फ, र. इंग्रजीत काय घालायचं ते तुमच्या जावयाला विचारून एकदाच ठरवू आणि कपाटाच्या दारावर आतून चिकटवून ठेवू. नंतर कुणी बदलायचं नाही. तुम्हीसुद्धा.

अब्बा: वही आहे का घरात कोरी?